धुराच्या गाळणीचा दिवा लागला, आता काय करावे?



ट्रॅक्टरच्या मीटरवर पूर्वी दोनचारच दिवे असत. एक ऑइलचा, एक बॅटरीचा, एखादा इंडिकेटरचा. त्यांचा अर्थ घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असे. नव्या काही यंत्रांवर आता आणखी एक पिवळा दिवा आला आहे. डब्यासारखी आकृती, त्यात ठिपके आणि दोन्ही बाजूंना नळी, असे बहुधा त्याचे चित्र असते. हा दिवा लागला की कोणी घाबरून इंजिन बंद करतो आणि फिटरला बोलावतो. कोणी त्याकडे काणाडोळा करून काम रेटत राहतो. कोणी तर ‘ही कटकटच नको’ म्हणून तो डबा कापून काढण्याच्या गोष्टी करतो. तिन्हींत नुकसान ठरलेले आहे. हा दिवा नेमके काय मागतो ते समजून घेतले, तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात, एक रुपयाही फिटरला न देता काम भागते.

हा डबा म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. कंपनीच्या पुस्तकात तिला डी.पी.एफ. म्हणतात. त्यात साठलेली काजळी जाळून टाकण्याच्या क्रियेला रिजनरेशन हा शब्द आहे. गॅरेजमध्ये त्याचे नुसते ‘रिजन’ झाले आहे. आपणही तोच शब्द वापरू.

ही गाळणी कोणाकडे असते?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे विनाकारण काळजी वाटणार नाही. आपल्याकडच्या द्राक्षबागेत, डाळिंबाच्या बागेत फिरणाऱ्या वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या छोट्या ट्रॅक्टरांना सहसा ही गाळणी नसते. भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांना ट्रेम-४ म्हणतात. हे नियम पाळण्यासाठी प्रत्येक कंपनीने आपापला मार्ग निवडला. कोणी इंजिनातच सुधारणा केल्या, कोणी गाळणी बसवली. म्हणून तुमच्या ट्रॅक्टरला ती आहे की नाही, हे पुस्तकात पाहूनच ठरवावे. त्यापुढच्या ट्रेम-५ या टप्प्यासाठी पूर्वी २०२४ साल ठरले होते. ते पुढे ढकलले गेले. पण वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते यावरून दिसते.

छोट्या ट्रॅक्टरांवर ही गाळणी आधी आली ती परदेशात. अमेरिकेत २५ ते ५० हॉर्सपॉवरच्या इंजिनांना दर किलोवॉट-तासाला ०.३० ग्रॅम काजळी चालत असे. २०१३ पासून ही मर्यादा ०.०३ ग्रॅमवर आणली, म्हणजे एकदम दहावा हिस्सा. त्यामुळे तिकडच्या छोट्या ट्रॅक्टरांवर गाळणी बसू लागली. २५ हॉर्सपॉवरच्या आतल्या इंजिनांना ही मर्यादा नसल्यामुळे अनेक कंपन्यांनी मुद्दाम त्या रेषेच्या जरा खालची मॉडेले काढली. युरोपात २०१९ पासून नियम आणखी कडक झाले. आपल्या देशात तयार होऊन तिकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांनाही तिकडचेच नियम पाळावे लागतात.

आता आपल्या दारातले पाहू. १ एप्रिल २०२० नंतर विकत घेतलेली डिझेलची पिकअप किंवा जीप घरात असेल, तर तिला बहुतेक ही गाळणी असणार. म्हणजे ट्रॅक्टर जुना असला, तरी दूध किंवा भाजी वाहणाऱ्या गाडीमुळे हा विषय घरात आलेलाच आहे.

कंदिलाची काच आठवा

वीज नव्हती तेव्हा घरोघर कंदील असे. वात जास्त वर केली की काच काळी पडायची. वाऱ्याची वाट कोंडली किंवा रॉकेल खराब असले, तरी तेच व्हायचे. जळण पुरते जळले नाही की काजळी धरते. इंजिनातही हेच घडते. डिझेल पुरते जळले नाही, की त्याचा काही भाग बारीक काजळी होऊन धुराबरोबर बाहेर पडतो.

गाळणीच्या डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची ठोकळी असते. तिच्यात आरपार बारीक बोळ असतात. एका बोळाचे पुढचे तोंड उघडे आणि मागचे बंद, तर शेजारच्याचे पुढचे बंद आणि मागचे उघडे. धूर एका बोळात शिरतो आणि पुढे वाट नसल्यामुळे भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून शेजारच्या बोळात जातो. काजळी भिंतीवर अडकते. चांगल्या स्थितीतली गाळणी शंभरातले नव्वदहून अधिक कण अडवते.

गाळणीच्या आधी आणखी एक कप्पा असतो. त्यावर प्लॅटिनम आणि पॅलेडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. धुरातले न जळलेले वायू तिथे जळतात आणि धूर अधिक गरम होतो. गाळणी बदलायची वेळ आली तर बिल एवढे मोठे का येते, याचे एक कारण या धातूंत आहे.

कंदिलाची काच आपण फडक्याने पुसत होतो. या गाळणीत हात घालता येत नाही. म्हणून तिच्यातली काजळी आतल्या आत जाळावी लागते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ. या दोन्ही गोष्टी देणे ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या हातात असते.

काजळी तीन प्रकारे जळते

पहिला प्रकार आपोआपचा. इंजिनावर चांगला भार असला, नांगर किंवा रोटाव्हेटर पूर्ण रेसवर चालू असला, म्हणजे धूर साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअस तापतो. एवढ्या उष्णतेत काजळी हळूहळू जळत राहते. दिवा लागत नाही, आवाज बदलत नाही, चालवणाऱ्याला कळतही नाही. गाळणीला सगळ्यात मानवणारा प्रकार हाच.

दुसरा प्रकार चालता चालता होणारा. गाळणीच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक एक सेन्सर सतत मोजत असतो. काजळी वाढली की फरक वाढतो. मग इंजिनाचा कॉम्प्युटर नेहमीच्या वेळेनंतर थोडे जास्तीचे डिझेल सोडतो. ते मौल्यवान धातूंच्या कप्प्यात जळते आणि गाळणीतली उष्णता ५५० ते ६५० अंशांपर्यंत चढते. या वेळी इंजिनाचा आवाज थोडा जड होतो, धुराला वेगळा वास येतो, सायलेन्सरजवळ झळ लागते. काम चालू ठेवावे, रेस कमी करू नये, एवढेच आपले काम.

तिसरा प्रकार ट्रॅक्टर उभा करून बटण दाबण्याचा. पहिल्या दोन प्रकारांनी काजळी पुरेशी जळली नाही म्हणजे दिवा हेच मागतो.

६५० अंश म्हणजे किती, याचा अंदाज घरातल्या भगिनींना लगेच येईल. भजी तळताना कढईतले तेल १८० अंशांच्या आसपास असते. अॅल्युमिनियमचे पातेले ६६० अंशांना वितळते. एवढी आग त्या डब्यात असते. म्हणून पुढे जागेविषयी जे सांगणार आहे ते मन लावून वाचावे.

छोट्या ट्रॅक्टरालाच त्रास जास्त का?

मोठा ट्रॅक्टर दिवसभर नांगरट करतो. त्याची गाळणी कामातच साफ होते. छोट्या ट्रॅक्टराचे काम तुकड्या-तुकड्यांचे असते. अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्याचेच पाहा. घराभोवतीचे गवत कापणे, दोन बादल्या माती हलवणे, हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ बाजूला करणे, अशी पंधरा-वीस मिनिटांची कामे तो करतो. बाहेर कडाक्याची थंडी असते. इंजिन तापायच्या आत काम संपते आणि ट्रॅक्टर शेडमध्ये जातो. काजळी जमते, पण जळण्याइतकी उष्णता कधी मिळतच नाही. रिजन सुरू झाले, तरी ते अर्ध्यावर तुटते. असे चारपाच वेळा झाले की गाळणी कोंदते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण सवयी तशाच आहेत. साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रांग सरकेल म्हणून इंजिन तासन्‌तास नुसते सुरू ठेवले जाते. कांदा मार्केटच्या दारात तेच. बांधावर गप्पा मारताना तेच. नुसत्या सुरू असलेल्या इंजिनाचा धूर १०० ते २०० अंशांपलीकडे सहसा जात नाही. त्या उष्णतेत काजळी फक्त साठते.

पिकअपचे तर विचारू नका. सकाळ-संध्याकाळ दोन किलोमीटरवरच्या डेअरीत दुधाचे कॅन न्यायचे आणि परत यायचे. महिनोन्‌महिने गाडी धड तापत नाही. अशा गाडीचा दिवा लागला, तर दोष गाडीचा नसून वापराचा असतो.

म्हणून पहिला नियम असा, की इंजिन नुसते सुरू ठेवू नये. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल आणि कंपनीच्या पुस्तकात वेगळे सांगितले नसेल, तर बंद करावे. भाराचे काम करून आला असाल तर आधी दोनतीन मिनिटे इंजिन हळू चालवून मग बंद करावे, म्हणजे टर्बोही सांभाळला जातो. दुसरा नियम असा, की हलकी कामे एकत्र बांधून घ्यावीत. तीन वेळा पंधरा मिनिटे चालवण्यापेक्षा एकदाच पाऊण तास चालवावे. तिसरा नियम असा, की आठवड्यातून एकदा तरी इंजिनाला खरे काम द्यावे. पी.टी.ओ.ची रेस लावून अर्धा-पाऊण तास रोटाव्हेटर किंवा ब्लोअर चालला तरी पुरते. पिकअप असेल तर आठवड्याच्या बाजाराला जाताना मोठ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटे, एक गिअर खाली ठेवून, एका चालीने न्यावी.

दिवा लागल्यावर पायरीपायरीने

प्रत्येक कंपनीच्या दिव्यांची आणि बटणांची रचना थोडी वेगळी असते. ट्रॅक्टरबरोबर आलेले पुस्तक हेच शेवटचे प्रमाण. पण सर्वसाधारण क्रम असा असतो.

१. पिवळा दिवा लागला आणि काम भाराचे असेल, तर काम चालू ठेवा. रेस वाढवा. बहुधा चालता चालताच काजळी जळून दिवा विझतो.

२. दिवा लुकलुकू लागला किंवा मीटरवर उभे करून रिजन करण्याची सूचना आली, तर हातातले तास पुरे करा आणि ट्रॅक्टर मोकळ्या जागी आणा. ‘उद्या बघू’ म्हणू नका.

३. हँड ब्रेक ओढा. गिअर आणि पुढे-मागेचा दांडा न्यूट्रलला आणा. पी.टी.ओ. बंद करा. मागचे अवजार जमिनीवर टेकवा. टाकीत पुरेसे डिझेल आहे हे पाहा.

४. इंजिन गरम असू द्या. थंड इंजिनावर रिजन सुरू होत नाही. म्हणून काम संपताच, इंजिन तापलेले असतानाच हे करणे सोयीचे.

५. रिजनचे बटण पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दाबा. इंजिनाची रेस आपोआप वाढेल. घाबरू नका आणि मध्ये अॅक्सिलरेटरला हात लावू नका.

६. साधारण पंधरा ते तीस मिनिटे लागतात. काजळी जास्त असेल तर जास्तही. ट्रॅक्टर सोडून चहाला जाऊ नका.

७. दिवा विझला, रेस खाली आली, की काही मिनिटे इंजिन तसेच चालू द्या आणि मग बंद करा.

वेळ नाही म्हणून मध्येच चावी फिरवून बंद करणे, ही सगळ्यात नडणारी सवय आहे. अर्धवट जळलेली काजळी तशीच राहते, वर नवी साठते. तुम्ही दुर्लक्ष करत गेलात तर पुढे लाल दिवा लागतो आणि इंजिन स्वतःच आपली ताकद कमी करते. मग तुमच्या बटणाने काम होत नाही. कंपनीचा माणूस कॉम्प्युटर जोडून रिजन करतो. त्याहीपुढे गेले, तर काजळी इतकी साठते की ती एकदम भडकून आतली ठोकळी तडकू शकते. तेव्हा गाळणीच बदलावी लागते. पेरणीच्या तोंडावर असे झाले तर गाळणीच्या किमतीपेक्षा हुकलेला वाफसा जास्त महाग पडतो.

आधी जागा पाहा, मग बटण दाबा

रिजन चालू असताना सायलेन्सर आणि त्याचे तोंड अतिशय तापलेले असते. गव्हाचे भुसकट, उसाचे पाचट, वाळलेले गवत, कापसाच्या पऱ्हाट्या याहून कितीतरी कमी उष्णतेवर धुमसू लागतात. म्हणून खळ्यात, कडब्याच्या गंजीजवळ, पाचटाच्या फडात रिजन कधीही करू नये. डिझेलची टाकी, पिंपे आणि खताची पोती यांपासून दूर जावे. नांगरलेली काळी जमीन किंवा मुरूम टाकलेले अंगण सगळ्यात चांगले. वर झाडाची फांदी किंवा शेडचे छप्पर नको.

बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये तर इंजिन चालवूच नये. गाळणी काजळी अडवते, विषारी वायू सगळे अडवीत नाही. कोंडलेल्या जागेतला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाचा आणि जनावराचा जीव घेतो.

पोरे ट्रॅक्टरभोवती खेळतात. रिजन चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास तरी त्यांना लांब ठेवावे. गुरे बांधू नयेत. गार होईपर्यंत ताडपत्री टाकू नये, पाणी मारू नये. तापलेल्या डब्यावर गार पाणी पडले तर तडा जाण्याची भीती असते. बॉनेटखाली आणि सायलेन्सरवर साठलेले भुसकट रोजच्या रोज हवेने किंवा ब्रशने झाडावे. हे काम रिजन करण्याआधी, इंजिन गार असताना करायचे.

काही ट्रॅक्टरांवर रिजन थोपवून धरण्याचे बटणही असते. मळणी चालू आहे, आजूबाजूला भुसकट उडते आहे, अशा वेळी ते दाबावे. पण काम संपताच ते आठवणीने सोडावे. ते बटण महिनाभर दाबूनच ठेवले आणि मग गाळणी कोंदली, अशी गाऱ्हाणी ऐकू येतात.

काजळी जळते, राख जळत नाही

चुलीत लाकूड जळून जाते, पण राख मागे उरते. ती काढावीच लागते. गाळणीतही तसेच आहे. इंजिनात थोडे ऑइल नेहमीच जळते. त्या ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची द्रव्ये घातलेली असतात. ती जळून राख होते आणि गाळणीत बसते. कितीही रिजन केले तरी राख जात नाही.

म्हणून अशा इंजिनाला कमी राख करणारेच ऑइल घालायचे असते. डब्यावर सी.जे.-४ किंवा सी.के.-४ अशी खूण असते. पुस्तकात जी खूण सांगितली असेल तीच घ्यावी. जुन्या ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल नव्यात ओतू नये. दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात गाळणीचे आयुष्य कमी होते. सगळे नीट पाळले तर राख काढण्याची वेळ फार उशिरा येते. अमेरिकेतल्या नियमानुसार छोट्या ट्रॅक्टरांच्या इंजिनांची गाळणी ३,००० तासांच्या आत साफ करायला लावण्याची मुभा कंपनीला नाही. वर्षाला पाचशे तास ट्रॅक्टर चालला तर ही सहा वर्षे झाली. राख काढण्यासाठी गाळणी उतरवून यंत्रावर साफ करतात. घरी कॉम्प्रेसरची हवा मारून किंवा पाण्याने धुऊन हा प्रयोग करू नये. राख श्वासात जाते आणि ठोकळीही बिघडते.

ऑइलच्या पट्टीविषयीही एक महत्त्वाची गोष्ट आहे. आपण आजवर ऑइल कमी झाले की काय, एवढेच पाहत आलो. या इंजिनात ते वाढले की काय, हेही पाहावे लागते. रिजनच्या वेळी जास्तीचे डिझेल सिलिंडरमध्ये सोडणारी इंजिने असतात. रिजन पुन्हा पुन्हा अर्ध्यावर तुटले तर न जळलेले डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर दिसते. असे दिसले तर ट्रॅक्टर न चालवता ऑइल बदलावे आणि कारण शोधावे. पातळ ऑइलने बेअरिंगे जातात.

डिझेल खात्रीच्या पंपावरचे घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांहून अधिक नसते. त्याआधी ते पन्नास होते. गंधक जास्त असेल तर मौल्यवान धातूंचा थर निकामी होत जातो. म्हणून रॉकेल मिसळलेले किंवा उघड्या पिंपातले पाणी-कचऱ्याचे डिझेल या इंजिनाला घालू नये. एअर फिल्टर वेळेवर साफ करावा. हवा कोंडली की कंदिलासारखीच काजळी वाढते.

शंका-समाधान

*गाळणी काढून तिथे साधी नळी बसवली तर?*

असे करून देणारे लोक भेटतात. पण इंजिनाचा कॉम्प्युटर गाळणी धरूनच बनवलेला असतो, त्यात ढवळाढवळ करावी लागते. कंपनीची हमी जाते. कायद्याने याला मनाई आहे. आणि मुख्य गोष्ट आपल्या छातीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे असे जाहीर केले. काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढे बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. द्राक्षाच्या मांडवाखाली तासन्‌तास ट्रॅक्टर चालवणारा मुलगा, मळणीयंत्राजवळ पेंढ्या देणाऱ्या बायका हाच धूर घेतात. गाळणी त्यांच्यासाठी आहे.

*रिजनमध्ये डिझेल वाया जाते ना?*

थोडे जास्त लागते, हे खरे. पण इंजिन भाराने चालवले तर बटणाचे रिजन क्वचितच करावे लागते. नुसते सुरू ठेवलेले इंजिन जे डिझेल पिते, त्याचा हिशेब आधी करा.

*दिवा पुन्हा पुन्हा लागतो, काय समजावे?*

काम भाराचे असूनही रिजननंतर थोड्याच तासांत दिवा परत लागत असेल, तर दोष गाळणीत नसून इंजिनात असण्याची शक्यता मोठी. इंजेक्टर गळतो का, टर्बो ऑइल टाकतो का, हवेची नळी फाटली आहे का, सेन्सरची वायर उंदराने कुरतडली आहे का, हे आधी तपासून घ्यावे. कारण न शोधता गाळणी बदलली तर नवीही तशीच कोंदेल.

*जुने यंत्र विकत घेताना गाळणी चांगली आहे हे कसे ओळखावे?*

इंजिन गार असताना सायलेन्सरच्या तोंडात पांढरे फडके फिरवून पाहा. गाळणी शाबूत असेल तर फडके जवळजवळ स्वच्छ निघते. काळेकुट्ट निघाले तर गाळणी तडकलेली किंवा काढलेली आहे असे समजा. इंजिन सुरू करून मीटरवरचे दिवे पाहा आणि सर्व्हिसची पावती मागा.

घरात एक वही ठेवा

दुधाचा हिशेब, मजुरीचा हिशेब आपण लिहितो. तशीच ट्रॅक्टरची एक वही करावी. मीटरवर किती तास झाले, कोणते काम केले, दिवा कधी लागला, रिजन किती मिनिटे चालले, पट्टीवर ऑइल कुठे होते, एवढे पाच रकाने पुरेत. हे काम शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना द्यावे. ट्रॅक्टर कधी वडील चालवतात, कधी थोरला भाऊ, कधी रोजाचा ड्रायव्हर. दिवा एकाला दिसतो आणि सांगायचा राहून जातो. वहीत लिहिले की सगळ्यांना कळते. दोन रिजनमधले तास कमी होत चालले, तर काहीतरी बिघडते आहे हे ट्रॅक्टर बंद पडण्याच्या पुष्कळ आधी त्या वहीतून दिसते. फिटरकडे गेल्यावर ती दाखवली, तर त्यालाही अंधारात चाचपडावे लागत नाही.

एवढे लक्षात ठेवा

• इंजिन नुसते सुरू ठेवू नका. चालवायचे तर कामाला लावा.

• पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी रिजन पुरे करा.

• सुरू झालेले रिजन मध्येच तोडू नका. आगीचा किंवा माणसाला धोका दिसला तरच तोडा.

• पाचट, भुसकट, कडबा, गोठा, शेड यांपासून दूर जा. पोरांना लांब ठेवा.

• कमी राखेचे, पुस्तकात सांगितलेलेच ऑइल घाला. पट्टीवर ते वाढले तर लगेच लक्ष द्या.

• लाल दिवा लागला आणि ताकद कमी झाली, तर ओढाताण न करता कंपनीच्या माणसाला बोलवा.

नवे यंत्र घरात आले की त्याच्या खोडी ओळखायला एक हंगाम जातो. नव्या बैलाचेही तसेच असे. तो कधी दमतो, कधी पाणी मागतो हे ओळखणाऱ्याकडेच तो वर्षानुवर्षे टिकत असे. या गाळणीचे मागणे थोडके आहे. तिला उष्णता आणि अर्धा तास द्या, ती तुमच्या घरच्यांच्या छातीत जाणारी काजळी अडवत राहील.